कायद्याची रेघ आणि कामगाराचे दुखणे

१५ जून १८८३ रोजी जर्मन साम्राज्यात एक कायदा झाला. कारखान्यातल्या मजुराने आजारपणाचा विमा उतरवलाच पाहिजे आणि त्याच्या वर्गणीचा तिसरा हिस्सा मालकाने भरलाच पाहिजे, असा त्याचा मतलब. कायदा करणारा बिस्मार्क हा काही मजुरांचा कैवारी नव्हता. पाचच वर्षांपूर्वी त्याने समाजवाद्यांच्या संघटनांवर आणि वृत्तपत्रांवर बंदी घातली होती. अंथरुणाला खिळला असताना ज्याच्या घरात चार पैसे येतात, तो मजूर सरकार उलथवायला निघत नाही, असा त्याचा साधा हिशेब होता.

हेतू कसाही असो, मजुराच्या पदरात पडले ते खरे होते. डॉक्टर आणि औषध मोफत, आणि तिसऱ्या दिवसापासून तेरा आठवड्यांपर्यंत निदान निम्मी मजुरी. आजारपण म्हणजे सावकाराचे दार, हे समीकरण मोडण्याचा सरकारी पातळीवरचा हा पहिला मोठा प्रयत्न. पुढे शंभरेक वर्षांत जगातल्या बहुतेक उद्योगप्रधान देशांनी कोणत्या ना कोणत्या रूपात तो गिरवला.

पण त्या कायद्याबरोबर दोन प्रश्नही जन्माला आले. पहिला : वर्गणी मालकाने भरायची असे कायदा म्हणतो, पण शेवटी ती कोणाच्या खिशातून जाते? दुसरा : विमा कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, याची रेघ कुठे ओढायची? अमुक माणसांच्या वरचा कारखाना, अमुक पगाराच्या खालचा कामगार, अमुक तासांच्या वरची नोकरी, अशी कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. आणि रेघ ओढली की काय होते, हे आपल्या सीमाभागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. कागदावर ती सरळ दिसते. जमिनीवर मात्र तिच्या दोन्ही अंगांना माणसे आपापले हिशेब नव्याने मांडू लागतात. विम्याच्या कायद्यांचा इतिहास हा बराचसा या हिशेबांचा इतिहास आहे.

सोमवारचे तिकीट

इंग्लंडमध्ये लॉइड जॉर्ज यांनी १९११ साली राष्ट्रीय विमा कायदा आणला. पुरुष कामगाराने आठवड्याला चार पेन्स भरायचे, मालकाने तीन आणि सरकारने दोन. चार पेन्सांत नऊ पेन्सांचा माल, अशी त्याची जाहिरात झाली. आजारी पुरुषाला आठवड्याला दहा शिलिंग, सव्वीस आठवडे. प्रत्येक कामगाराचे एक कार्ड असे आणि मालकाने दर आठवड्याला त्यावर विम्याचे तिकीट चिकटवायचे. घरच्या मोलकरणींनाही कायदा लागू होणार म्हटल्यावर लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये थोरामोठ्यांच्या बायकांनी आपल्या मोलकरणींना बरोबर घेऊन निषेधाची सभा भरवली. आम्ही तिकिटे चाटत बसायचे काय, हा त्यांचा सवाल.

खरी अडचण मात्र दिवाणखान्यात नव्हती, ती गोदीत होती. गोदीतला हमाल सोमवारी एका कंपनीचे जहाज उतरवी, मंगळवारी दुसरीचे. बुधवारी कामच नसे. तिकीट तर आठवड्याला एकच. ते कोणी लावायचे? कायदा म्हणाला, त्या आठवड्यात ज्याने त्याला पहिल्यांदा कामावर घेतले त्याने. म्हणजे ज्याच्या कार्डावर तिकीट आधीच लागले आहे असा हमाल मंगळवारच्या मालकाला फुकट पडला आणि कोऱ्या कार्डाचा महाग. एका दिवसाच्या कामासाठी पुऱ्या आठवड्याची वर्गणी भरायला कोण राजी होईल?

लिव्हरपूल बंदरात १९१२ साली यावर तोड निघाली. हमालांची नोंदणी करायची, त्यांची मजुरी आणि विम्याची वर्गणी एका सामाईक कचेरीत गोळा करायची आणि तिचा भार सर्व मालकांवर त्यांनी दिलेल्या कामाच्या प्रमाणात वाटायचा. माणूस कोणाचा, हा प्रश्नच त्यामुळे बाजूला पडला. ही युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. पन्नाससाठ वर्षांनी ती मुंबईच्या मशीदबंदरात पुन्हा भेटणार आहे.

गिरणीतल्या बायका

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात झाली ती बाळंतपणापासून. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती साहाय्याचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदेमंडळात तसेच विधेयक आले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. पण बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो, तेव्हा त्यालाही अगदी मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भार कोणाचा आणि किती, याचा इतका नेमका विचार त्या काळी फार थोड्यांनी केला असेल.

१९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. पण सरकारने आपला हात आखडता घेतला आणि सारा भार ज्या त्या गिरणीच्या मालकावर टाकला. ज्याच्या गिरणीत बायका जास्त त्याचा खर्च जास्त. ज्याच्या गिरणीत बायका नाहीत त्याला दमडीचा खर्च नाही. हिशेबी मालकाने यातून काय बोध घ्यावा? विशीच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. चाळीशीच्या अखेरीस हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. याचे खापर एकट्या प्रसूती कायद्यावर फोडणे बरोबर होणार नाही. बायकांच्या रात्रपाळीला बंदी होती, यंत्रे बदलत होती, बायकांची मानलेली वाइंडिंग-रीलिंगची खाती आक्रसत होती. पण या सर्व कारणांना कायद्याने एक कारण जोडून दिले, हे नाकारता येत नाही. जिच्या भल्यासाठी कायदा केला तिचीच नोकरी मालकाच्या वहीत महाग ठरली.

छोटा बेव्हरिज

ही चूक दुरुस्त करण्याची संधी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आली. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. भा. प. अदारकर या अर्थशास्त्रज्ञाकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. इंग्लंडात बेव्हरिज यांचा गाजलेला अहवाल नुकताच प्रसिद्ध झाला होता. अदारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी आपला अहवाल सादर केला. पुढे नेहरूंनी त्यांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हटल्याचे सांगतात.

अदारकरांची योजना आटोपशीर होती : कापड, इंजिनियरिंग आणि खनिज-धातू या तीन उद्योगांतले बारमाही कारखाने; विमा सक्तीचा; वर्गणी मालक आणि कामगार दोघांची. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्टॅक आणि राव या तज्ज्ञांनी तो अहवाल तपासला आणि बाळंतपण व कामावरचा अपघात याच योजनेत घ्यावा, अशी सूचना केली. एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला, त्यात ही सूचना आली. म्हणजे बाळंतपणाचा खर्च आता एका मालकाच्या अंगावर न पडता सर्वांच्या वर्गणीच्या सामाईक निधीतून जाऊ लागला. गिरणीत बाई असो वा पुरुष, मालकाची वर्गणी पगाराच्या मानाने तीच. १९२९ चा कायदा जिथे अडखळला होता तो खड्डा असा बुजवला गेला.

कायदा झाला, पण योजना सुरू व्हायला चार वर्षे लागली. एकाच वेळी सगळ्या देशात दवाखाने उघडणे शक्य नव्हते. कानपूर आणि दिल्लीपासून सुरुवात करायची ठरले. लगेच तिथले मालक म्हणाले : आमच्या कापडावर विम्याचा खर्च चढणार आणि मुंबई-अहमदाबादच्या कापडावर नाही, मग बाजारात आम्ही टिकायचे कसे? तक्रार खोटी नव्हती. १९५१ साली कायद्यात दुरुस्ती करून मालकांची ‘विशेष वर्गणी’ बसवली गेली. जिथे योजना सुरू झाली तिथे पगाराच्या रकमेवर सव्वा टक्का आणि उरलेल्या देशात, योजना नसतानाही, पाऊण टक्का. शेजाऱ्याच्या दुखण्याचा भार थोडा आपणही वाहायचा, हे तत्त्व अशा रीतीने रुपये-आण्यांत उतरले. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. १९५४ साली ती नागपूरला आणि मुंबईला आली.

दहावा माणूस

या कायद्याची एक खुबी वाचकांनी पाहावी. वर्गणी पगाराच्या प्रमाणात आहे. कामगाराने दोन तास कमी काम केले, पगार कमी झाला, तर वर्गणीही तेवढीच कमी होते. त्यामुळे विमा टाळण्यासाठी कामाचे तास कापण्याचा मोह मालकाला सहसा होत नाही. जादा कामाचा म्हणजे ओव्हरटाइमचा पैसा वर्गणीसाठी धरला जातो, पण कामगार पगाराच्या मर्यादेबाहेर गेला की काय हे ठरवताना धरला जात नाही. दोन पाळ्या उपसल्या म्हणून कोणाचा विमा जाऊ नये, एवढी काळजी कायदा करणाऱ्यांनी घेतली होती.

पण तासांची रेघ नसली तरी दुसऱ्या दोन रेघा होत्याच. एक डोक्यांची. सुरुवातीला विजेवर चालणाऱ्या आणि वीस किंवा जास्त माणसांच्या कारखान्यांना कायदा लागू होता. १९८९ च्या दुरुस्तीने विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी ही संख्या दहावर आली आणि २०१० मध्ये विजेची अटही गेली. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव या यंत्रमागांच्या गावांत ज्यांनी चार दिवस काढले आहेत, त्यांना या रेघेचे पुढचे चरित्र ठाऊक आहे. एका पत्र्याखाली चाळीस माग धडधडतात; कागदोपत्री मात्र तिथे भाऊ, बायको, मेहुणा अशा नावांच्या चार पेढ्या असतात आणि एकीतही दहावा माणूस नसतो. मध्ये भिंतसुद्धा लागत नाही, विजेचे वेगळे मीटर पुरते. केवळ राज्य विमाच चुकवण्यासाठी हे होते असे नाही. कारखाना कायदा, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी अशा अनेक रेघा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पण परिणाम एकच. धंदा वाढतो आणि कारखाना मात्र वाढत नाही.

दुसरी रेघ पगाराची. सुरुवातीला महिना चारशे रुपयांपर्यंतच्या कामगाराला विमा होता. महागाईबरोबर ती मर्यादा सरकत गेली. १९६६ साली पाचशे, १९७५ साली हजार, १९९२ साली तीन हजार, १९९७ साली साडेसहा हजार, २०१० साली पंधरा हजार आणि १ जानेवारी २०१७ पासून एकवीस हजार. दोन सरकण्यांच्या मधल्या काळात नेहमी एकच नाटक घडते. पगार रेघेच्या अलीकडे असलेल्या कामगाराला शेदोनशेची बढती मिळते, वर्गणीचा चालू सहामाही काळ संपतो आणि त्याच्या म्हाताऱ्या आईचे मधुमेहाचे औषध बंद होते. शेदोनशेची वाढ त्याला हजारांत पडते. उलट बाजूचेही खरे आहे. मोठ्या कारखान्यांतल्या कामगारांनी करारात चांगल्या वैद्यकीय सोयी मिळवलेल्या असत; मर्यादा वर सरकली की ते म्हणत, आम्हाला तुमच्या दवाखान्याची रांग नको. ज्याला विमा हवा तो बाहेर आणि ज्याला नको तो आत, असा हा पेच.

वर्गणीचे दरही बदलत गेले. १९९७ पासून मालकाचे पावणेपाच टक्के आणि कामगाराचे पावणेदोन टक्के असा दर होता. १ जुलै २०१९ पासून तो सव्वातीन आणि पाऊण टक्क्यावर आला. एकवीस हजार पगारावर मालकाची वर्गणी ९९७ रुपये ५० पैशांवरून ६८२ रुपये ५० पैशांवर उतरली आणि कामगाराची ३६७ रुपये ५० पैशांवरून १५७ रुपये ५० पैशांवर.

विसाव्या तासाची किंमत

आता सातासमुद्रापलीकडे जाऊ, कारण तासांच्या रेघेची कथा तिथेच नीट कळते. अमेरिकेत आरोग्य विमा नोकरीला बांधला गेला तो काहीसा अपघाताने. ऑक्टोबर १९४२ मध्ये युद्धकाळातली महागाई रोखण्यासाठी सरकारने पगारवाढ गोठवली. कामगारांची तर टंचाई होती. पगार वाढवता येत नाही म्हटल्यावर मालकांनी विम्याचे आमिष दाखवायला सुरुवात केली, कारण त्याला बंदी नव्हती. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला विम्याचा हप्ता कामगाराच्या उत्पन्नात धरायचा नाही, असे पक्के केले. युद्धातली तात्पुरती सोय देशाची रीत होऊन बसली.

आपल्या राज्य विम्यात आणि या विम्यात एक मूलभूत फरक आहे. अमेरिकी विम्याचा हप्ता पगाराच्या टक्केवारीने ठरत नाही. तो माणशी ठरतो. समजा एका माणसाचा हप्ता महिन्याला सहाशे डॉलर आहे. तो महिन्याला दीडशे तास काम करतो, तर मालकाला तासामागे चार डॉलर पडतात. पाऊणशे तासच काम करतो, तर आठ. मग हिशेबी मालक दोनपैकी एक वाट धरतो. ज्याला विमा द्यायचा त्याच्याकडून जास्तीत जास्त तास काम करून घ्यायचे, नाही तर अर्धवेळ माणसे ठेवून विमा द्यायचाच नाही. कटलर आणि मॅड्रियन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिली वाट दाखवून दिली : हप्ते महागले तसे विमाधारक कामगारांचे तास वाढले.

दुसरी वाट हवाई बेटांवर दिसली. ऊस आणि अननसाच्या मळ्यांचा हा प्रदेश. मळ्यांवर डॉक्टर ठेवण्याची जुनी रीत होती आणि कामगार संघटनाही बळकट होत्या. जून १९७४ मध्ये या राज्याने कायदा केला. सलग चार आठवडे, आठवड्याला निदान वीस तास काम करणाऱ्या प्रत्येकाला मालकाने विमा दिलाच पाहिजे. कामगाराकडून हप्त्याच्या निम्म्याहून जास्त घ्यायचे नाही, आणि त्याच्या पगाराच्या दीड टक्क्यावर तर मुळीच जायचे नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मध्यवर्ती सरकारचा निवृत्तिवेतनविषयक कायदा झाला आणि त्याच्याशी हवाईच्या कायद्याचा खटका उडाला. एका तेल कंपनीने दावा लावला. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात राज्य हरले. शेवटी १९८३ च्या जानेवारीत अमेरिकी काँग्रेसने हवाईला खास सूट दिली, पण कायदा १९७४ साली जसा होता तसाच राहील या अटीवर. औषधोपचार दरसाल महागत गेले. दीड टक्क्याची रेघ मात्र गोठून बसली. वाढीचा जवळजवळ सारा बोजा मालकाकडे गेला.

मग नोकऱ्या बुडाल्या का? बुखम्युलर, दिनार्दो आणि व्हॅलेटा या तिघांचा याविषयीचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. विमा मिळालेल्यांची संख्या निश्चित वाढली. नोकऱ्या एकूण घटल्याचा किंवा पगार ठळकपणे उतरल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. पण आठवड्याला वीस तासांहून कमी काम करणाऱ्यांचे प्रमाण वाढले, आणि ते वाढले कायदा नसता तर ज्यांना विमा मिळण्याचा संभव सर्वात कमी होता त्यांच्यातच. म्हणजे उंबरठ्याच्या आत बहुतेक जण सुखरूप आले आणि जे अगदी कडेला उभे होते त्यातल्या काहींच्या तोंडावर दार लागले.

मार्च २०१० मध्ये ओबामांच्या कारकिर्दीत झालेल्या आरोग्य कायद्याने हीच रेघ सगळ्या देशभर ओढली. पूर्णवेळ हिशेबाने पन्नास किंवा जास्त माणसे असलेल्या मालकाने, आठवड्याला तीस तासांवर काम करणाऱ्यांना विमा देऊ करायचा. विमा अजिबात न देणाऱ्याला पहिली तीस माणसे वगळून माणशी दोन हजार डॉलर दंड ठरला. आता गंमत पाहा. विमा न देणाऱ्या एखाद्या मालकाकडे पूर्णवेळ एकोणपन्नास माणसे आहेत तोवर दंड शून्य. पन्नासावा घेतला की वीस माणसांचा, म्हणजे वर्षाला चाळीस हजार डॉलर. तो एक माणूस त्याला पगार सोडून चाळीस हजारांना पडला. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलून २०१५ साली शंभरावरच्या आणि २०१६ साली पन्नासावरच्या मालकांना ती लागू झाली. त्या काळात एकोणतीस तासांचा आठवडा हा शब्द अमेरिकी वर्तमानपत्रांत वरचेवर दिसू लागला. खाणावळी आणि दुकानेच नव्हेत, तर महाविद्यालयांनीही तासिकेवर शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या तासिका कापल्या. देशभराचा हिशेब केला तेव्हा मात्र अर्धवेळ नोकऱ्यांत फारसा फरक पडला नसल्याचे काही अभ्यासांत दिसले. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. समुद्राची पातळी हलत नाही, पण किनाऱ्यावरच्या झोपडीत पाणी शिरते.

वर्गणी कोणाच्या खिशातून?

पहिल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. लॉरेन्स समर्स यांनी १९८९ साली एका छोट्या लेखात मांडले की सक्तीची सवलत ही करासारखी नसते. कामगाराला त्या सवलतीची जेवढी किंमत वाटते, तेवढा पगार तो कमी घ्यायला तयार होतो. जोनाथन ग्रुबर यांनी १९९४ साली हे तपासले. अमेरिकेत सत्तरीच्या दशकात काही राज्यांनी विम्यात बाळंतपणाचा खर्च धरणे सक्तीचे केले होते. त्या राज्यांत बाळंतपणाच्या वयातल्या विवाहित स्त्रियांचे आणि त्यांच्या नवऱ्यांचे पगार इतरांच्या तुलनेने मागे पडले आणि खर्चाचा बराचसा भाग असा वसूल झाला. चेक मालक फाडतो, पण हळूहळू पगारवाढीतून तो परत मिळवतो. जिथे पगार किमान वेतनाला टेकलेला असतो तिथे तो खाली दाबता येत नाही. तिथे मग मालक माणसे कमी करतो, तास कापतो किंवा कागदावर पेढ्या वाटतो. म्हणून या कायद्यांची झळ लागते ती नेहमी तळच्या पायरीवर. १९२९ ची गिरणीतली बाई आणि एकविसाव्या शतकातली एकोणतीस तासांची वेटरबाई या एकाच पायरीवर उभ्या आहेत.

विडी आणि पोते

मग रेघ न ओढता विमा देता येतो का? याचे उत्तर शोधायला जर्मनीला जायचे कारण नाही. आपल्या निपाणीला जावे.

विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. कारखान्यात बसवून विड्या वळून घेतल्या तर हजेरी, रजा, पाळणाघर सारे आले. मालकांनी पान-तंबाखू ठेकेदाराकरवी घरोघर पोचवायला सुरुवात केली. बाई तीच, विडी तीच. फक्त कारखाना नाहीसा झाला. कोणत्याही डोक्यांच्या रेघेत ही बाई सापडली नसती. १९७६ साली केंद्र सरकारने वेगळी वाट धरली. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा करून माणसावर न बसवता मालावर उपकर बसवला. पुढे तो हजार विड्यांच्या हिशेबाने घेतला जाई. विडी कारखान्यात वळलेली असो की चुलीपाशी, उपकर सारखाच. त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या आल्या. ओळखपत्र मिळवण्यासाठी बायकांना ठेकेदाराच्या दारात खेटे घालावे लागत आणि दवाखाना असे लांब, हे दोष होतेच. पण बाईला कामावरून कमी करून मालकाचा उपकर वाचत नव्हता, ही गोष्ट मोठी होती. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला.

दुसरे उदाहरण माथाडींचे. मुंबईच्या बाजारपेठेत पाठीवर पोती वाहणारे हमाल सातारा-पुण्याच्या डोंगरी भागातले. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने टोळीची मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची; मंडळ कामगाराला मजुरी देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, औषधपाणी पाहणार. मालक शंभर असोत, कामगाराचे खाते एकच. लिव्हरपूलची १९१२ ची युक्ती ती हीच. फक्त इथे ती गोदीतून धान्याच्या गोदामात आली आणि मराठी बोलू लागली.

नवी रेघ

२०१७ साली देशात प्रसूतीची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. राज्य विम्याच्या कक्षेतल्या बाईचा पगार निधीतून जातो. कक्षेबाहेरच्या बाईचा एकट्या मालकाने द्यायचा. म्हणजे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ज्या प्रश्नाचा खल झाला, तो नव्वद वर्षांनी छोट्या कचेऱ्यांच्या आणि खासगी शाळांच्या दारात पुन्हा उभा राहिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९४८ चा कायदा तिच्यात विलीन झाला. दहा माणसांची रेघ तिच्यातही आहे. पण मोटारसायकलवरून जेवणाचे डबे आणि पार्सले पोचवणाऱ्या मुलांसाठी संहितेने जुनी वाट पुन्हा धरली आहे. त्यांना कामाला लावणाऱ्या कंपनीने आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत द्यायची. या कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्के ही तिची कमाल मर्यादा. ही मुले किती, कोणी किती तास गाडी चालवली, हे मोजून रेघ ओढलेली नाही. उलाढालीवर वर्गणी म्हणजे हजार विड्यांवरचा उपकरच. २०१७ साली जी रीत आपण निपाणीच्या बाईच्या हातून काढून घेतली, ती आता शहरातल्या मुलाच्या हाती देत आहोत.

हा निधी कसा उभा राहतो, त्यातून दवाखाना किती जवळ येतो, हे पुढची वर्षे सांगतील. इतिहासाने सांगितले आहे ते एवढेच : वर्गणी माणशी बसवली की माणसे मोजली जातात आणि मोजणारा त्यातली काही वगळतो. तासांवर रेघ ओढली की तास कापले जातात. पगारावर ओढली की बढती नकोशी होते. ती कामावर, मालावर, साऱ्या धंद्यावर पसरली की लपायला जागा कमी उरते. विम्याची गरज सर्वात जास्त त्यालाच असते जो रेघेच्या अगदी कडेला उभा आहे. पुढचा कायदा लिहिणाऱ्याने आधी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहावे आणि तिथून रेघ कशी दिसते ते पाहावे.